दोन्हीकडचे नऊ

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते, असं माझ्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलेलं आहे. दर उन्हाळ्यात दारोदार फिरून विद्यार्थी गोळा करायचे, हे मात्र त्यावर कुठेही लिहिलेलं नाही. ते काम रुजू झाल्यावर तोंडी सांगतात. आता अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले आहेत. ही त्याच्या थोडी आधीची गोष्ट, मोताळा तालुक्यातल्या एका गावातली. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या प्राचार्यांचे शुभेच्छांचे फोटो मला अजून रोज सकाळी मोबाइलवर येतात.

आमच्याकडे विज्ञान शाखेची एक तुकडी होती. ती टिकायची तर किमान चाळीस मुलं हवीत, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. एकोणचाळीस झाली तरी तुकडी बंद, आणि गणिताच्या मॅडम अतिरिक्त. अतिरिक्त या शब्दाचा आमच्या खात्यातला अर्थ असा, की तुम्ही चांगलं शिकवत असाल, पण आता जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, संग्रामपूरला शिकवा. मी बुलढाण्याची. वडील कचेरीत कारकून होते, घरात सगळे नोकरदार. आमच्या घरी संग्रामपूर हे नाव मुलं जेवत नसली की घ्यायचे.

म्हणून मे महिन्यात आम्हा शिक्षकांच्या दोन तुकड्या निघायच्या. उन्हामुळे एक सकाळी सात ते दहा आणि दुसरी संध्याकाळी पाचनंतर. प्रत्येकीच्या हातात जुन्या उत्तरपत्रिकांचे कोरे कागद, आणि त्यावर दहावी झालेल्या मुलांची नावं. घरोघर जायचं, बसायचं, चहा घ्यायचा आणि विचारायचं, "मग आमच्याकडे पाठवताय ना?"

आता ऐका. आमच्या भागात दारी आलेल्या मास्तरला कोणी नाही म्हणत नाही. चहा पाजून नाही म्हणणं म्हणजे पाहुण्याला वाढलेलं ताट काढून घेणं. म्हणून सकाळी आलेल्यांना माणूस म्हणतो, "हाव न सर, तुमच्याकडंच." संध्याकाळी आलेल्यांनाही म्हणतो, "हाव न मॅडम, तुमच्याकडंच." आणि मध्ये दुपारी बारा किलोमीटरवरच्या, मोताळ्यातल्या दुसऱ्या कॉलेजचे मास्तर येऊन गेलेले असतात. त्यांनाही तेच. यात कोणी खोटं बोलत नाही. उन्हातून आलेल्या माणसाचं मन मोडायचं नाही, एवढाच हेतू असतो.

सकाळच्या तुकडीनं चौतीस नावं आणली, संध्याकाळच्या तुकडीनं एकतीस. प्राचार्यांनी टेबलावर दोन्ही याद्या ठेवल्या, पेनाचं टोपण काढलं आणि पासष्ट असा आकडा लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. मग शिपायाला पेढे आणायला सांगितलं.

मी म्हटलं, "सर, एकवीस नावं दोन्ही याद्यांत आहेत. ती दोनदा धरली. खरे चव्वेचाळीस."

प्राचार्यांनी माझ्याकडे दुखावल्यासारखं पाहिलं. "मॅडम, तुम्ही बुलढाण्याच्या लोकांनी नेहमी वजाच करायचं का?"

प्राचार्य मराठीचे. बेरीज हा त्यांच्या मते भावनेचा प्रश्न होता. पेढे आले, पासष्ट मुलांच्या नावानं वाटले गेले आणि मीही दोन खाल्ले.

त्याच मोहिमेत मी एका भाजीवाल्याच्या घरी गेले होते. घरची थोडी शेती, वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. मुलगी शाळेत गणितात कायम पहिली. ती दारातच उभी होती, हातात जुड्या बांधायची सुतळी. मी काही विचारायच्या आधी म्हणाली, "मॅडम, मले इंजिनियर व्हाचं हाय."

तिचा बाप या भागातला एकमेव माणूस निघाला, ज्यानं मला चहा पाजून स्पष्ट उत्तर दिलं. "गावात हाय तोवर शिकवतो मॅडम. गावाच्या बाहीर नाई धाडत. सकाळी एक गाडी, संध्याकाळी एक गाडी. मंधात पोरगी दिवसभर कुठं उभी राह्यन? तुमची सायन्सची तुकडी बंद पडली, तं मंग तिले आर्टला टाकतो. तुमीच सांगा, बंद तं नाई पडत?"

"नाही पडत," मी म्हटलं. माझ्याजवळ आकडा नव्हता, तरी म्हटलं. त्या दिवसापासून ती तुकडी माझ्या बदलीपेक्षा त्या मुलीची जास्त झाली. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. बदलीची भीतीही होतीच, पण ती मुलगी रोज पहिल्या बाकावर येऊन बसायची आणि भीती मात्र बसायला रोज येत नाही.

जुलैत हजेरीपटावर त्रेचाळीस नावं आली. वर्गात बसायची पंचवीस-तीस. काही मुलांची नावं आमच्याकडे आणि शरीरं बुलढाण्याच्या शिकवणी वर्गात, ही सोय आता सगळीकडे झाली आहे. त्यात आमचा खास प्रकार वेगळाच. नऊ मुलांनी शाळा सोडल्याचा मूळ दाखला दिला होता त्या दुसऱ्या कॉलेजला आणि झेरॉक्स आम्हाला. "ओरिजिनल नंतर आणतो सर," असं म्हणून. दोन्ही मास्तरांना बापानं हो म्हटलेलं होतं, मग दोन्हीकडे शब्द पाळायला नको का? ते नऊ जण दोन्हीकडच्या पटावर होते आणि प्रत्यक्षात बुलढाण्यात क्लासला जात होते. वर्गातल्या सगळ्यांना हे माहीत होतं. खेड्यात कोण कुठं नाव घालतं हे कळायला हजेरीपट लागत नाही.

ऑगस्टमध्ये मी संभाव्यता शिकवायला घेतली. पुस्तकात उदाहरण होतं, अमुक मुलांना चहा आवडतो, तमुक मुलांना कॉफी, इतक्यांना दोन्ही. एक मूल निवडलं तर त्याला निदान एक तरी पेय आवडण्याची संभाव्यता काढा. मागून एकजण म्हणाला, "मॅडम, कॉफी पेणारा कुठून आनाचा?" मुद्दा रास्त होता. मी कॉफी पुसली. चाळीस घरं घ्या म्हटलं. अठरा घरी म्हैस, पंचवीस घरी मोटरसायकल, दहा घरी दोन्ही. चिठ्ठी टाकून एक घर काढलं, तर तिथे म्हैस किंवा मोटरसायकल असण्याची संभाव्यता किती?

मागच्या बाकानं अठरा आणि पंचवीस मिळवले आणि खाली चाळीस घातले. चाळीसात त्रेचाळीस. मी म्हटलं, बाबांनो, संभाव्यता एकाच्या वर गेली. म्हणजे खात्रीपेक्षा जास्त खात्री. असली खात्री फक्त निवडणुकीच्या भाषणात मिळते. वर्ग हसला, आणि त्या मुलीचा हात वर आला.

"ज्याईच्या घरी दोन्ही हायेत ते दोनदा आले न मॅडम. म्हशीत बी आले अन् गाडीत बी आले. एकडाव काढा त्याईले. चाळीसात तेहतीस."

सूत्र मी नंतर लिहिलं. तिनं ते आधीच सांगून टाकलं होतं. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. फळ्यावर मुद्दाम चूक करायची, बहुतेक वेळा वजा करायचंच सोडून द्यायचं, आणि खडू हातात धरून चेहरा अगदी साळसूद करून उभं राहायचं. कोणीतरी पकडेपर्यंत पुढे जायचं नाही. पकडायची ती बहुधा तीच. मला फार मजा यायची. आपण किती छान शिकवतो, असं मला त्या दिवसांत वाटायचं.

सप्टेंबरात बातमी आली की पट पडताळणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार. एकाच दिवशी दोन्ही कॉलेजं, सकाळी ते, दुपारी आम्ही. प्राचार्यांनी बैठक घेतली. शिकवण्याबद्दल त्यात एकही वाक्य नव्हतं. सगळी चर्चा वाहतुकीची होती. नऊ मुलांनी सकाळी तिकडे बसायचं, मोजून घ्यायचं, मग काळी-पिवळी जीपनं मधल्या रस्त्यानं आमच्याकडे यायचं. साहेब हमरस्त्यानं येणार आणि त्याआधी तिकडे जेवणार. तिकडचं कॉलेज एका पुढाऱ्याचं, त्यामुळे जेवण लांबणार हे नक्की. पाटवडीचा रस्सा, भाकरी, भरीत, वर आग्रह. शर्टांचीही व्यवस्था झाली. तिकडचा गणवेश आकाशी, आमचा पांढरा. पांढरे शर्ट जीपमध्ये आधीच ठेवायचे ठरले. आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेतल्या बाटल्या चार वर्षं रिकाम्या होत्या, पण ही योजना तासातासाची होती.

मी बैठकीत म्हटलं, "सर, हे बरोबर नाही."

"मग तुम्ही संग्रामपूरला घर बघून ठेवा," प्राचार्य म्हणाले. नंतर आवाज उतरवून म्हणाले, "आणि त्या पोरींचं काय मॅडम? पोरं जातील कुठंही. पोरींना कोण पाठवेल?"

हे त्यांनी खरं बोलून ठेवलं. घरी येऊन स्वतःला समजावलं, की मी काही करत नाहीये, फक्त वर्गात उभी राहणार आहे.

ठरल्याप्रमाणे जीप आली. पोरं पांढरे शर्ट घालून मागच्या बाकांवर बसली. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जागा भरलेल्या मी त्या वर्षी पहिल्यांदा पाहिल्या. काही मुलांची मला त्याच दिवशी ओळख झाली. साहेब तीनच्या सुमारास आले, रस्सा चांगला झाला असावा, कारण ते पायऱ्या थांबत थांबत चढले. त्यांनी शांतपणे डोकी मोजली. त्रेचाळीस. प्राचार्यांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

मग साहेब मागच्या बाकापाशी थांबले. तिथल्या एका मुलाच्या हाताला प्लास्टर होतं.

"याला मी सकाळी तिकडे पाहिला."

"तो याचा जुळा भाऊ साहेब," प्राचार्य एका क्षणात म्हणाले.

"त्याच्याही उजव्या हाताला प्लास्टर होतं."

"दोघं एकाच मोटरसायकलवरून पडले."

वर्गात कोणी हसलं नाही, साहेबांसमोर हसायची सोय नव्हती. साहेब मात्र हसले. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर माझंच सूत्र होतं. पहिला गट अधिक दुसरा गट, वजा दोन्हींत असलेले.

"वा, मॅडम. अगदी कामाचं शिकवताय. मग मला एक गणित सोडवून द्या. सकाळी तिकडे मोजले बावन्न. इथे मोजले त्रेचाळीस. दोन्हीकडे असलेले किती?"

प्राचार्य माझ्याकडे बघत होते. मी पहिल्या बाकाकडे बघत होते. त्रेचाळीसातून नऊ गेले की चौतीस, हे मला झोपेतही आलं असतं. चौतीस म्हणजे तुकडी बंद, आणि ती मुलगी आर्टला.

"एकही नाही सर," मी म्हटलं. "दोन्ही गट अगदी वेगळे आहेत."

हातात खडू होता. आवाज अगदी साधा ठेवला होता आणि चेहरा साळसूद. मी वर्गासमोर मुद्दाम चुकायची तेव्हा अगदी अशीच उभी राहायची, हे मला तेव्हा सुचलं नाही. तिला सुचलं. तिचा हात वर गेला, आणि नेहमीप्रमाणे परवानगीची वाट न बघता ती उभीच राहिली.

"मॅडम, नऊ. तुमी वजाच नाई केलं."

तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, पाहुण्यासमोर मॅडमची चूक पकडल्याचा. आपण काय बोललो हे तिला ठाऊकच नव्हतं. तुकडी किती मुलांवर टिकते हे आम्ही तिच्या बापाला कधी सांगितलं होतं का? आम्ही फक्त "नाही पडत" म्हटलं होतं.

प्राचार्य पुढे झाले. "साहेब, लक्ष देऊ नका. ती पोरगी गणितात कच्ची आहे."

साहेबांनी मला विचारलं, "खरंय का मॅडम?"

मला अजून वाटतं, तिथे मी नुसती गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण मी त्या क्षणी तुकडी वाचवत होते. तिचीच तुकडी, तिच्यासाठीच. एवढ्या चांगल्या कारणासाठी माणूस किती भराभर बोलतो!

"हो सर," मी म्हटलं. "कच्चीच आहे. आकड्यांचा तिचा नेहमी गोंधळ होतो."

ती उभी होती, ती खाली बसली. साहेबांनी डायरीत काहीतरी लिहिलं आणि पेन खिशाला लावलं. बाहेर जाताना ते मला हळूच म्हणाले, "कच्ची असती तर बरं झालं असतं मॅडम."

पुढचं सगळं खात्याच्या रीतीनं झालं. दोन्हीकडचे नऊ एकदाच धरायचे, हे साहेबांना मान्य होतं. पण एकदा म्हणजे कुठे? सकाळी मोजले ते सकाळच्या कॉलेजचे, असा निर्णय आला. पुढाऱ्याच्या कॉलेजचे बावन्न शाबूत राहिले. आमचे चौतीस झाले. माझ्या सूत्रात वजाबाकी कोणाच्या घरातून करायची हे सांगितलेलं नसतं, ती उणीव शासनानं भरून काढली. दिवाळीनंतर तुकडी बंद झाली. मुलगे कुठे कुठे गेले. प्लास्टरवाला तर जिथे होता तिथेच राहिला, बुलढाण्याच्या क्लासमध्ये. प्राचार्य प्राचार्यच राहिले. मी संग्रामपूरला गेले आणि तिथे एक खोली घेतली. सातपुडा खिडकीतून छान दिसतो, हे मी घरच्यांना वारंवार सांगते.

त्या मुलीचं नाव आर्टला घातल्याचं मला शिपायाकडून फोनवर कळलं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर बापाचा रागही आला. बारा किलोमीटरसाठी पोरीचं शिक्षण मोडलं, असले हे बाप, असं मी संग्रामपूरच्या स्टाफरूममध्ये पुष्कळ दिवस बोलत होते. तिथल्या मॅडमही माना डोलवायच्या. आमच्या बाजूला पोरींच्या बापांबद्दल बोलायला स्टाफरूमसारखी जागा नाही.

पुढच्या मार्चमध्ये शनिवारी घरी जाताना माझी एसटी मोताळ्याच्या स्टँडवर थांबली. खाली उतरले तर समोर ते दोघं. बाप आणि ती, मध्ये सांबाराच्या जुड्यांचं गाठोडं, बाजाराचा दिवस. बापानं हात जोडले. मी मनात साठवलेलं सगळं तिथल्या तिथे काढलं.

"काय हो, एवढी हुशार मुलगी, बारा किलोमीटर पाठवायला तुमचं मन झालं नाही?"

बाप गोंधळला. "कायचं मन मॅडम? मी तं तयार झालो होतो. तुमची तुकडी बंद पडली, तं म्हनलं, जाऊ दे, पोरगी शिकत हाय. एसटीचा पास बी काढून देतो म्हनलं. माहा साला मोताळ्यात राह्यते, मंधात त्याच्या घरी थांबजो म्हनलं. पोरगीच नाई म्हने."

"काऊन गं?" माझ्या तोंडून 'का'ऐवजी तिचीच बोली आली.

ती गाठोड्याची गाठ घट्ट करत होती. उत्तर बापानं दिलं.

"म्हने, मॅडमनंच मोठ्या सायबाले सांगतलं, का मी गणितात कच्ची हाव. मॅडम काय सायबापुढं खोटं बोलतीन का? मी लय समजावली. आयकेच ना. मलेई वाटलं, मास्तरीन बाईले आपल्यापक्षा जास्त समजते."

कंडक्टर गाडीजवळ उभा राहून बुलढाणा, बुलढाणा ओरडत होता. मी तिच्या अगदी जवळ गेले.

"ऐक. तू कच्ची नव्हतीस. नऊच होते. तुझं उत्तर बरोबर होतं, मी खोटं बोलले. तुकडी वाचावी म्हणून बोलले."

आता ती रडेल, किंवा चिडेल, असं मला वाटलं. दोन्हींची मी तयारी केली होती. तिनं गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं आणि एका हातानं सावरलं.

"नऊच होते, थे मले मालूम होतं मॅडम," ती म्हणाली. "बाकी मी कच्चीच असन, असं वाटलं. पन आता कायले सांगता? सोमवारी माहा इतिहासाचा पेपर हाय."